आधी एक पावसाळा त्या घरात काढ, टाइल्स मग निवड

पत्र:
"ताई, मी तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे त्यामुळे मला तू म्हणा. आम्ही पुण्यात वारज्याला भाड्याने राहतो. मी, नवरा, सासूबाई, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम कायमचं झालंय आणि त्याने ठरवलंय की दापोली तालुक्यातल्या गावच्या घरात जाऊन राहायचं. सासरे गेल्यापासून सात-आठ वर्षं घर बंद आहे. जोतं चिऱ्याचं, भिंती अर्ध्या चिऱ्याच्या, अर्ध्या मातीच्या, वर कौलं. निसर्ग वादळात मागच्या पडवीची कौलं उडाली तिथे जुने सिमेंटचे पत्रे टाकलेत. आम्ही दिवाळीत जाऊन आलो तर आत वटवाघळं, उंदरांच्या लेंड्या, दारांना वाळवी, विहिरीत पाला. सहा लाख बाजूला काढलेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं पाडा, स्लॅब टाका, वीस लाख. नवरा म्हणतो मे मध्ये जाऊ, रंग मारू, टाइल्स घालू, होईल सगळं. सासूबाई एक डबासुद्धा टाकू देत नाहीत. मी काही बोलले की 'तुला गावच नकोय' असं होतं. मला गाव नकोय असं नाहीये, मला भीती वाटतेय. काय करू?"

उत्तर:

अगं, पहिल्यांदा हे सांगते की तुझी भीती अगदी रास्त आहे. पाच वर्षांचा मुलगा, म्हातारं माणूस आणि उंदरांच्या लेंड्यांनी भरलेलं घर, एवढं डोळ्यांनी बघून आल्यावर ज्या बाईला भीती वाटत नाही तिची मला काळजी वाटेल. हे पत्र नवऱ्याला वाचायला दे, माझं उत्तरही दे, कारण यातलं बरंचसं त्याच्यासाठीच आहे.

आम्ही २००९ साली संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी राहायला गेलो, तेही असंच बंद होतं. आणि आम्ही तेच केलं जे तुझा नवरा म्हणतोय. एप्रिल-मे मध्ये भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर छान पिस्ता रंग, माजघरात टाइल्स, सगळे पैसे तिथेच गेले. कौलांचं काय तर गवंडी म्हणाला वरवर बघितलंय, ठीक आहेत. जुलैत पाऊस जो लागला तो अकरा दिवस थांबलाच नाही, माजघराच्या कोपऱ्यात धार लागली आणि माझ्या मुलीचं दप्तर नव्या कोऱ्या वह्यांसकट भिजून लगदा झालं. ती रडली नाही, तिने एकेक पान सोडवून चुलीजवळ वाळत घातलं, ते मला अजून दिसतं. ऑगस्टपर्यंत मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा पोपडे धरून सुटायला लागला, कारण मातीची भिंत ओल घेते आणि ओल सोडते, तिच्यावर सिमेंट थापलं की आत गेलेली ओल बाहेर यायला वाटच राहत नाही. हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या वर्षी ते घर फक्त राहण्यासारखं करा, सजवायला घेऊ नका. एक पावसाळा त्या घरात काढा आणि मग दसऱ्यानंतर काय पाडायचं, काय ठेवायचं, टाइल्स कुठल्या ते ठरवा. पुण्यात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दापोलीत तीन हजारांच्या वर. त्या पावसात पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठली भिंत ओली होते हे मे महिन्यात उभं राहून कोणालाही कळत नाही, वीस लाखवाल्यालाही नाही.

आता या वर्षी काय करायचं, तर कामं वरून खाली घ्यायची. आधी छप्पर, मग वीज, मग पाणी आणि संडास, आणि जमीन-रंग सगळ्यात शेवटी. आणि आत्ता मार्च लागलाय हे लक्षात घे. शिमग्यात आठ-पंधरा दिवस कोणीही कामाला येणार नाही, पालखी घरोघरी फिरत असते आणि ते बरोबरच आहे. नंतर आंब्याचा सीझन, सगळी माणसं काढणीला. मे मध्ये मुंबईचे चाकरमानी येतात आणि प्रत्येकाला त्याच पंधरा दिवसात घर शाकारून हवं असतं. तर सुताराला आणि कौलं चाळणाऱ्याला आत्ताच गाठायचं, शिमगा संपल्यावर अमुक तारखेला येतो असा शब्द घ्यायचा, थोडा अ‍ॅडव्हान्स द्यायचा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतोच, त्यामुळे २० मे ला छप्पर बंद असलं पाहिजे असं धरून चाला.

छपराचं बघायचं कसं, तर नवऱ्याने सुताराबरोबर स्वतः माळ्यावर चढावं. आढं, वासे, रीपा, सगळीकडे हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर लाकूड बरं आहे, भद्द आवाज आला तर आतून वाळवीने पोखरलंय, बाहेरून कितीही छान दिसू दे. सगळ्यात जास्त बघायचं ते वासा भिंतीवर टेकतो तिथलं टोक, कारण कुजणं आणि वाळवी दोन्ही तिथूनच सुरू होतं. तुमचं लाकूड साग, आइन, किंजळ असलं काही जुनं असेल तर सरसकट बदलायला कोणालाही देऊ नका, तसं लाकूड आज त्या पैशात मिळत नाही. खराब आहेत तेवढेच वासे बदला. वाळवीला पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध मारून घ्या पण त्या वेळी आणि नंतर तो सांगेल तितके दिवस मुलं घरात नकोत. नव्या लाकडाला आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते चांगलं टिकतं, हाताला मात्र लागू द्यायचं नाही, कातडी सोलवटते.

कौलं उतरवाल तेव्हा एखादं उलटं करून बघ, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि तिथून ती कौलं अख्ख्या किनाऱ्यावर पसरली. हे मुलीला दाखव, तिला आवडेल. चांगली कौलं ब्रशने शेवाळ काढून परत वापरता येतात, फुटकी तेवढी बदलायची, आणि शेपन्नास जादा आणून परसात रचून ठेवायची कारण वांदर येणार, उड्या मारणार आणि कौलं फोडणार, हे दरवर्षीचं आहे.

मागच्या पडवीवर जे सिमेंटचे पत्रे आहेत ना त्यांच्याबद्दल मात्र नीट वाच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेल तर लगेच काही होत नाही, पण तो कापला, ड्रिल मारलं, हातोड्याने फोडला की जी धूळ उडते ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिचे आजार वीस-तीस वर्षांनी कळतात. त्यामुळे ते काढायचे तर पाणी मारून, ओले करून, अख्खे उतरवायचे, मास्क लावून, आणि तुकडे अंगणात भरावाला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरायचे नाहीत. कामगारांनाही हे सांग, ते सवयीने फोडतात.

तसंच जुन्या दारांचा ऑइल पेंट. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं आहे हे डोळ्याने कळत नाही. तुझा मुलगा पाच वर्षांचा आहे, या वयात शिसं थेट मेंदूवर परिणाम करतं. तेव्हा त्या दारांना कोरडा पॉलिश पेपर घासत बसायचं नाही. पोपडे ओल्या फडक्याने पुसून, ओला पेपर मारून, वरून नवीन रंग, आणि ते काम चालू असताना मुलं पुण्यात.

आता साफसफाई, जी तुझ्या डोक्यात सगळ्यात जास्त बसलीय. उत्साहाने केरसुणी घेऊन झाडायला सुरुवात करायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजाव. उंदरांच्या आणि वटवाघळांच्या लेंड्यांची कोरडी धूळ श्वासात जाता कामा नये. आधी सगळी दारं-खिडक्या उघडून घर अर्धा दिवस तसंच सोडायचं. मग एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गमबूट. ब्लीचिंगचं पाणी फवारून लेंड्या भिजवायच्या, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग ओल्या पोत्याने किंवा कागदाने गोळा करून पिशवीत बांधायच्या, शेवटी फरशी पुसायची. आणि ब्लीचिंग वापरलंय तिथे संडासाचं अ‍ॅसिड ओतायचं नाही, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत माणूस गुदमरतो. कोकणात लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप आहे, तो उंदराच्या मुतातून पसरतो, पायाला जखम असेल तर ती झाकून कामाला लागा, आणि सफाईनंतर महिनाभरात कोणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की आम्ही बंद घर साफ केलंय. वटवाघळं मारायची नाहीत, संध्याकाळी ती बाहेर गेली की फटी बुजवायच्या, पण आत पिल्लं नाहीत ना हे आधी बघून, नाहीतर ती आतच अडकतात.

सापांचंही स्पष्टच लिहिते. दापोली-रत्नागिरीकडे फुरसं खूप, शिवाय नाग, मण्यार, घोणस. चिऱ्यांचा ढीग, लाकडांचा ढीग, कौलांचा ढीग, हे भिंतीला लागून ठेवायचे नाहीत. कुठलाही ढीग हाताने उचकटायचा नाही, आधी काठीने हलवायचा. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा दुखतही नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. जायच्या आधी नवऱ्याला एक काम सांग, सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात कायम असतं आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून यायचं. चावलंच कोणाला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी.

वीज. एवढी वर्षं बंद असलेल्या घराचं कनेक्शन बिल थकल्यावर कायमचं तोडलेलं असू शकतं, ते महावितरणच्या ऑफिसात आत्ताच तपासा, त्याला वेळ लागतो आणि नवऱ्याची नोकरी त्यावर आहे. जुनी पट्टीवरची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असणार, ती दुरुस्त करत बसू नका, पूर्ण नवीन करा, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग नवीन आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या भिंतीला हात लागून शॉक बसला तरी जिवावर बेतायच्या आत ती वीज तोडते. या दोन-तीन हजारात नवऱ्याला काटकसर करू देऊ नकोस. आणि इंटरनेटची रेंज त्याने आधी आठ दिवस तिथे राहून, कामाचे कॉल करून बघावी.

विहीर मोटरने उपसून गाळ काढून घ्यायची. कोणी आत उतरणार असेल तर आधी कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडायची, ती विझली तर उतरायचं नाही, आणि पेटती राहिली तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं. पाणी भरून आल्यावर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची. माप सोपं आहे, हजार लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी दोन मीटर असेल तर साधारण चौदा हजार लिटर पाणी झालं, त्याला पस्तीस ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडून ढवळायची आणि तासाभरानंतर पाणी वापरायचं. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली पुडी निकामी होते. पाण्याचा नमुना तपासायला कुठे द्यायचा ते ग्रामपंचायतीत सांगतील. रिपोर्ट येईपर्यंत उकळून.

संडास नवीन बांधावा लागला तरी बांधा, सासूबाईंना पावसात रात्री अंगण ओलांडायला लागू नये म्हणून घराला लागून. जुनी टाकी उपसायची असेल तर गाडी बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे आणि टाकीतल्या विषारी वायूने दर वर्षी माणसं मरतात.

एवढं झालं की सहा लाखातले बरेचसे संपतील. लाख-सव्वा लाख हात न लावता बाजूला ठेव, ते पावसाळ्यासाठी. कॉन्ट्रॅक्टरला सगळं उक्तं देऊ नका, छप्पर वेगळं, वायरिंग वेगळी, सामान तुम्ही आणायचं आणि मजुरी काम पूर्ण होत जाईल तशी द्यायची. भिंतींना या वर्षी फक्त चुना, आतून दोन हात. आणि स्लॅबचं बोलणं निघालं की आधी एक विचार, घरपट्टीच्या उताऱ्यावर म्हणजे नमुना ८ वर आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर नावं कोणाकोणाची आहेत? कोकणात बहुतेक घरं सामाईक असतात. दुरुस्तीला कोणी काही म्हणत नाही पण पाडून बांधायला निघालात की सगळे भाऊबंद जागे होतात, आणि त्यांचाही हक्क असतोच. मोठा पैसा घालायच्या आधी त्यांची लेखी संमती.

आता सासूबाई. इथे मी माझी मोठी चूक सांगते. आमच्या घरी एक तांब्याचं घंगाळं होतं, बुडाला भोक पडलेलं, कल्हई उडालेली, मी ते बाकीच्या भंगाराबरोबर देऊन टाकलं. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मग एकदा म्हणाल्या, त्यात माझी चारही बाळंतपणं झाली, न्हाऊ घातलं होतं. मला ते परत आणून देता आलं नाही. तर तू असं कर, सफाई झाल्यावर त्यांना ओटीवर खुर्ची टाकून बसव, एकेक वस्तू त्यांच्यासमोर आण आणि विचार की हे काय आहे, कोणी आणलं. मुलीला शेजारी वही घेऊन बसव, ती लिहील. ज्या वस्तूची गोष्ट सांगतील ती ठेवायची, आणि तू बघशील की गंजक्या डब्यांपैकी निम्मे त्या स्वतःच 'टाक गं' म्हणतील. एक खोली पूर्ण त्यांची, तिथे तू हात लावणार नाहीस असं कबूल कर. मात्र कीटकनाशकाचे जुने डबे, औषधं, रॉकेलचे कॅन, वाळवी लागलेल्या गाद्या याबाबत ऐकायचं नाही, ते नवऱ्याने त्यांना सांगायचं. त्यांचा मुलगा तो आहे.

आणि नवऱ्याशी बोलताना जायचं की नाही हा वाद घालूच नकोस, 'मला गाव नकोय असं नाहीये' हे तू मला लिहिलंयस ते त्याला तसंच सांग. मग तारीख माग. माझं मत असं आहे की त्याने एप्रिलपासून तिथे राहावं, लॅपटॉप घेऊन, शेजारी कोणाकडे किंवा दापोलीत खोली घेऊन, आणि कामं करून घ्यावीत. घर त्याच्या मनात आहे तर धूळ आधी त्याच्या नाकात जाऊ दे, हे मी रागाने म्हणत नाही, माझा नवरा नंतर स्वतः म्हणाला होता की मला आधी एकट्याने यायला हवं होतं. तू, मुलं आणि सासूबाई तेव्हाच निघा जेव्हा वर छप्पर, एक कोरडी झोपायची खोली, स्वयंपाकघर, दिवे, चालू संडास आणि पिण्याचं पाणी या गोष्टी तू स्वतः जाऊन डोळ्यांनी बघितल्या आहेस. त्या २० मे ला नसतील तर वारज्याचं घर अजून काही महिने ठेवा. दोन भाडी परवडत नाहीत हे मला कळतं, पण लेप्टोचं हॉस्पिटलचं बिल त्याहून परवडत नाही. शाळेचं अडलं तर आठवीपर्यंत दाखल्यावाचून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, दाखला मागाहून देता येतो, आणि सत्र सुरू झाल्यावरही जाता येतं. मुलीला एकदा मे मध्ये चार दिवस नेऊन तिची शाळा आणि तिची खिडकी कुठली ते तिलाच ठरवू दे.

गणपतीला घर भरेल, भाऊबंद येतील, तोपर्यंत ओटी आणि माजघर नीट असलं तरी पुष्कळ झालं, मागच्या खोल्यांना नुसतं कुलूप लाव.

आणि एक खडू घेऊन ठेव, जाड, गुरुजींचा असतो तसा. पहिला मोठा पाऊस लागेल त्या रात्री सगळे मिळून बॅटरी घेऊन घरभर फिरा, जिथे थेंब पडतोय तिथे जमिनीवर गोल, जिथे भिंत ओली आहे तिथे उंचीला रेघ आणि तारीख. मुलाला हे काम दे, तो खूश होईल. सप्टेंबरपर्यंत रेघा वाढत जातील. मग त्या सगळ्याचे फोटो काढून मला पाठव, टाइल्स आणि गिलाव्याचं आपण तेव्हा बोलू.